अण्वस्त्रांचे अपघात : पहिली जबाबदारी कोणाची?

दि. १७ जानेवारी १९६६ रोजी सकाळी स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील पालोमारेस या लहानशा खेड्याच्या आकाशात, सुमारे ३१,००० फूट उंचीवर, अमेरिकेचे एक बी-५२ बॉम्बफेकी विमान इंधनवाहू विमानाकडून उडत्या स्थितीतच इंधन घेत होते. त्या वेळी दोन्ही विमानांची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील अकरा जणांपैकी सात जण मृत्युमुखी पडले आणि जळते अवशेष टोमॅटोच्या शेतांवर कोसळले. बी-५२ विमानात चार हायड्रोजन बॉम्ब होते. त्यांपैकी तीन गावाच्या परिसरात जमिनीवर पडले व चौथा समुद्रात गेला. सुदैवाने गावातील एकही माणूस दगावला नाही.

बॉम्ब पडले, तरी अणुस्फोट झाला नाही. याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे, कारण शासनाची सारी पूर्वतयारी त्यावरच आधारलेली असते. अण्वस्त्राच्या गाभ्याभोवती पारंपरिक स्फोटकांचे आवरण असते. हे आवरण सर्व बाजूंनी एकाच क्षणी, अत्यंत काटेकोरपणे पेटले तरच गाभा दाबला जाऊन अणुस्फोट होतो. आदळण्याने अथवा आगीने स्फोटक एखाद्याच ठिकाणी पेटते. तेवढ्याने अणुस्फोट होऊ नये अशीच अस्त्राची रचना केलेली असते. परंतु त्या साध्या स्फोटाने गाभ्यातील प्लुटोनियमची धूळ होते आणि ती वाऱ्याबरोबर पसरते. पालोमारेस येथे दोन बॉम्बमधील स्फोटकांचा असा स्फोट झाला व सुमारे दोन चौरस किलोमीटर भूमी दूषित झाली.

ही धूळ मोठी फसवी असते. प्लुटोनियममधून प्रामुख्याने आल्फा कण बाहेर पडतात. ते कागदाच्या कपट्यानेही अडतात, त्वचेच्या आत शिरत नाहीत. म्हणून अशा जागी उभे राहणाऱ्यास तत्काळ काहीच जाणवत नाही आणि गॅमा किरण मोजणारे नेहमीचे यंत्रही जवळजवळ गप्प राहते. आल्फा कण मोजणारे वेगळे यंत्र लागते व ते जमिनीच्या अगदी जवळ धरावे लागते. खरा धोका धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाण्याचा असतो. तेथे ती वर्षानुवर्षे राहते. अणुवीज केंद्रातील अपघातात आयोडीनच्या गोळ्यांचा उपयोग होतो, कारण तेथे किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडण्याचा संभव असतो. अण्वस्त्राच्या अशा अपघातात त्या गोळ्या निरुपयोगी ठरतात. आपल्या राज्यात तारापूर केंद्रामुळे परिसरातील अधिकाऱ्यांना आयोडीनच्या गोळ्यांची माहिती असते. त्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

पालोमारेसच्या रहिवाशांना यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. अवशेषांजवळ प्रथम पोचले ते गावकरी आणि स्थानिक पोलीस. एक बॉम्ब हरवला आहे ही गोष्ट अमेरिकेने अधिकृतपणे मान्य केली ती मार्चच्या आरंभी, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांनंतर. तोपर्यंत वृत्तपत्रांनी ती जगजाहीर केलेली होती. ज्यांच्या शेतात माणसे यंत्रे घेऊन फिरत होती, त्यांनाच काय ते अधिकृतपणे सांगितले गेले नव्हते. टोमॅटोला गिऱ्हाईक मिळेना. पिके कापून टाकण्यात आली आणि सुमारे १,४०० टन माती व झाडपाला पिंपांत भरून अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात नेण्यात आला. लोकांची भीती घालविण्यासाठी ८ मार्च रोजी अमेरिकेचे राजदूत व स्पेनचे माहितीमंत्री मानुएल फ्रागा यांनी तेथील समुद्रात स्नान केले. छायाचित्रे सर्वत्र छापून आली. मात्र शेतातील धुळीचे उत्तर समुद्रस्नानाने कसे मिळणार, हा प्रश्न कोणाही शेतकऱ्याच्या मनात आला असता.

चौथ्या बॉम्बची हकीकत बोधप्रद आहे. फ्रान्सिस्को सिमो या कोळ्याने हवाई छत्रीसह काहीतरी समुद्रात पडताना पाहिले होते व जागाही दाखविली होती. आरंभी त्याच्या सांगण्याला पुरेसे वजन देण्यात आले नाही. अखेर तज्ज्ञांचा शोध त्याने सांगितलेल्या भागाकडेच वळला आणि अपघातानंतर ८० दिवसांनी, ७ एप्रिल रोजी, सुमारे ८७० मीटर खोलीवरून तो बॉम्ब वर काढण्यात आला.

स्थानिक अधिकाऱ्याला अंधारात ठेवल्याचे दुसरे उदाहरण खुद्द अमेरिकेतीलच आहे. १८ सप्टेंबर १९८० रोजी आर्कान्सा राज्यातील दमास्कस गावाजवळ टायटन-२ क्षेपणास्त्राच्या भूमिगत कोठारात दुरुस्ती करणाऱ्या जवानाच्या हातून पान्याचा जड सॉकेट निसटला. सुमारे ८० फूट खाली जाऊन त्याने इंधनाची टाकी फोडली. उत्तररात्री झालेल्या भयंकर स्फोटात एक जवान मरण पावला, अनेक जखमी झाले आणि क्षेपणास्त्रावरील ९ मेगॅटन शक्तीचे अस्त्र कोठाराबाहेर फेकले गेले. ते फुटले नाही. किरणोत्सारही झाला नाही. परंतु तेथे अण्वस्त्र होते की नाही, हे सांगण्यास वायुदलाने नकार दिला. घरे रिकामी करण्याचे काम शेरीफच्या माथी होते, आणि रहिवाशांना नेमके कशापासून दूर न्यावयाचे याचेच उत्तर त्याला मिळत नव्हते.

अण्वस्त्र कोठे आहे ते सांगावयाचे नाही, हे लष्करी धोरण संरक्षणाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. परंतु अपघात झाल्यावर तेच मौन नागरिकांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या नियमांत, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तेव्हा अस्त्राचे अस्तित्व मान्य करण्याची तरतूद आहे. तेथे नेवाडाच्या चाचणीक्षेत्रात १९७९, १९८१ व १९८३ साली मोठ्या तालमीही घेण्यात आल्या. त्यांत लष्कराबरोबर नागरी अधिकाऱ्यांच्या भूमिकाही ठरविल्या होत्या.

ब्रिटनची व्यवस्था ग्रामपातळीच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. तेथे अण्वस्त्रे बर्गफील्ड येथून स्कॉटलंडमधील कूलपोर्ट येथे सार्वजनिक रस्त्यांनी नेली जातात. वाटेवरील स्थानिक संस्था, पोलीस व अग्निशमन दलासाठी संरक्षण खात्याने मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. तीतील सूचना थोडक्या आणि स्पष्ट आहेत : अपघातस्थळापासून ६०० मीटरपर्यंतचे लोक हलवावेत, वाऱ्याच्या दिशेला ५ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यातील लोकांनी घरात राहून दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. वाऱ्याची दिशा पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही, त्यामुळे लष्करी पथक पोचण्यापूर्वीच हे काम सुरू होऊ शकते.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ साली आण्विक व किरणोत्सारी आपत्तींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. आपत्ती कोणतीही असो, पहिल्या तासात लोकांना घरात थांबविण्याचे वा हलविण्याचे काम तलाठी, पोलीस पाटील, शिक्षक आणि सरपंच यांच्याच हातून होते. त्यांना वेळीच कळविले जाते की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

पालोमारेसचे काम मात्र १९६६ मध्ये संपले नाही. काही माती नांगरून खाली गाडण्यात आली होती. पुढे काही जमिनींना कुंपण घालावे लागले. रहिवाशांची वैद्यकीय तपासणी अनेक दशके चालू राहिली आणि उरलेली दूषित माती हलविण्याविषयी स्पेन व अमेरिका यांनी इरादापत्रावर सह्या केल्या त्या २०१५ साली, अपघातानंतर ४९ वर्षांनी.