टॅप: ताडावरचा आणि मोबाइलवरचा

तलासरी तालुक्यातलं वेवजी गुजरातच्या वेशीवरचं गाव. तिथे शब्दांचा नाद असलेल्या एका शिक्षकाला परवा मुलाने विचारलं, "सर, ताडी काढणाऱ्याला इंग्रजीत 'टॉडी टॅपर' का म्हणतात? तो काय झाडाला टिचक्या मारतो?"

मोबाइलवर 'टॅप करा' वाचणाऱ्या पोराला दुसरं काय सुचणार!

खरं तर हे दोन वेगळे शब्द, योगायोगाने एकसारखे झालेले. टिचकीवाला 'टॅप' फ्रेंचमधून आलेला, बहुधा आवाजावरूनच घडलेला. रस काढण्याचा 'टॅप' जुन्या इंग्रजीतला. 'टॅप्पा' म्हणजे पिंपाच्या भोकाची खुंटी. ती काढली की दारू वाहायची. त्यावरून नळाला टॅप म्हणू लागले, रबराचा चीक काढणंही टॅपिंगच झालं. फोन टॅप होतो तोही याच अर्थाने: तारेतून बोलणं चोरून 'काढून घेणं'.

'टॉडी' मात्र आपल्याकडचीच. ताडाची ताडी इंग्रजांनी उचलली आणि पुढे गरम पाणी-साखर घातलेल्या व्हिस्कीलाही तेच नाव दिलं.

गंमत म्हणजे पोराचा तर्क अगदीच फुकट गेला नाही. नारळाची माडी काढताना न उमललेली पोय खरोखरच हलके ठोकतात. रस सुटावा म्हणून!

असे जुळे शब्द तुमच्याही पाहण्यात आहेत? सर वाट पाहताहेत.