माजघराचं शेजघर करताना

आजचा विषय आहे जुन्या घरातली निजायची खोली नव्याने कशी लावावी. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने गवंडी-सुताराच्या कामात का शिरावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण घर हे उदाहरण आमच्या शास्त्रात फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने कोणत्याही वस्तूची चार कारणं सांगितली, आणि ती समजावताना तो घराचं उदाहरण घेतो. वस्तू कशाची केली, तिचा आकार कोणता, ती कुणी केली आणि ती कशासाठी आहे, असे ते चार प्रश्न. आपल्या भाषेत उपादान, आकार, निमित्त आणि प्रयोजन. खोली बदलायला निघालेली बहुतेक माणसं रंग आणि फरशी निवडायला आधी जातात. म्हणजे उपादानापासून सुरुवात करतात. आपण प्रयोजनापासून करू.

आता बघा, पुण्यातल्या जुन्या वाड्यात 'बेडरूम' अशी खोली बहुधा नसायचीच. ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, वर माडी. रात्री जिथे जागा तिथे गाद्या पडायच्या आणि सकाळी वळकट्या होऊन कोपऱ्यात जायच्या. 'शेजघर' हा शब्द भाषेत होता, पण तसं घर थोड्यांच्या वाट्याला यायचं. बायका माजघरात किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी निजायच्या. तेव्हा जुन्या वाड्यात निजायची खोली करणं म्हणजे एका खोलीला तिच्याजवळ नसलेलं प्रयोजन देणं. ते कुणाचं, हे आधी ठरवावं लागतं.

आमच्याच घराचं उदाहरण देतो. सदाशिव पेठेतला वाडा, वय शंभराच्या आसपास. आम्ही दोघंही सत्तरी ओलांडलेली. आजवर माडीवर निजत होतो. जिना उभा, पायऱ्या अरुंद, आणि मोरी खाली. मुलांचं म्हणणं, वाडा विकासकाला द्या आणि लिफ्टच्या इमारतीत जा. त्यांच्या म्हणण्यात काळजी आहे, ते खोटं नाही. आम्ही ठरवलं की खालचं माजघर निजण्याजोगं होतं का ते आधी पाहू. नाही झालं तर मुलांचं ऐकू. म्हणजे या खोलीवर आमचं इथे राहणं अवलंबून होतं.

प्रयोजन लिहून काढलं तेव्हा ते 'सुंदर खोली' असं निघालं नाही. रात्री दोनदा उठून न पडता मोरीपर्यंत जाता यावं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पलंगावरून आधाराशिवाय उठता यावं. दोघांपैकी एक अंथरुणाला खिळला तर दुसऱ्याला त्याच्याभोवती फिरता यावं. आणि आमच्या सौ. म्हणाल्या, "पन्नास वर्षांत या घरात मला माझी अशी खिडकी नव्हती. ती हवी." हेही प्रयोजनच, आणि आम्ही ते यादीत सगळ्यांत वर लिहिलं.

आता आकार. पलंगाची उंची गादीसकट साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर असावी. बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. हीच खरी कसोटी, कारण प्रत्येकाची उंची वेगळी. एका बाजूला तरी ९० सेंटिमीटर मोकळी वाट ठेवा, म्हणजे वॉकर किंवा चाकाची खुर्ची जाते. खाली सामान भरायचा पेटीपलंग टाळलेला बरा. जड फळी म्हाताऱ्या हातांना उचलत नाही आणि आत हवा खेळत नाही. उंबरा हा नाजूक प्रश्न. नरसिंहाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, उंबऱ्याला आपल्याकडे मान आहे. पण पाय अडखळतो तोही तिथेच. तो काढवत नसेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी उतार बसवावा, आणि त्याचा रंग फरशीहून वेगळा ठेवावा, म्हणजे डोळ्याला तो आधी दिसतो.

वाढत्या वयात डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे वाचायला तरुणपणापेक्षा जास्त उजेड लागतो. उलट निजताना प्रखर, निळसर उजेड झोपेला मारक. म्हणून एकच मोठा दिवा न लावता तीन ठेवावेत: वाचनाचा, खोलीचा, आणि जमिनीलगत पिवळसर मंद दिवा, मोरीच्या वाटेवर. खोलीच्या दिव्याला जिन्यात असतात तशी दोन बटणं, एक दाराशी आणि एक उशाशी. जुन्या कोनाड्यात औषधं, चष्मा आणि पाण्याचं भांडं ठेवलं की वेगळ्या टेबलाची गरजच उरत नाही. वाडा बांधणाऱ्यांनी ते काम करून ठेवलेलंच असतं.

आता उपादान. इथे घाई महागात पडते. वाड्याच्या भिंती बहुधा विटा-चुन्याच्या किंवा मातीच्या, आणि भार पुष्कळदा सागवानी खांब-तुळयांवर. काही खांब भिंतीत दडलेले असतात. म्हणून 'ही नुसती आडभिंत आहे' असं समजून ती पाडू नये; आधी संरचना अभियंत्याला दाखवावी. मातीच्या बांधकामाचा वैरी पाणी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे पाण्यात बसले, ते इथल्या जुन्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलंय.

पूर येतो एकदा, ओल मात्र रोज चढते. जुन्या पायात ओल रोखणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत वर येतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत उडून जातं. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की बाहेर पडायची वाट बंद. मग पोपडे सुटतात, कुबट वास येतो, आणि भिंतीत टेकलेलं तुळईचं टोक आतल्या आत कुजतं. आम्ही खालचा सिमेंटचा थर खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करवला. तो सुकायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावाच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं, मागे हवा फिरावी म्हणून.

माडीवरच न्हाणीघर काढावं, असाही सल्ला आम्हाला मिळाला होता. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, वर फरशी आणि भिंती वेगळ्या. लाकडी तक्तपोशीवर तो भार, आणि गळती झाली तर वाळवीला आमंत्रण. म्हणून माणसांनीच खाली यायचं ठरवलं. वायरिंग मात्र सगळी नवी केली, अर्थिंगसकट आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचसकट. जुन्या घरात रंगाच्या आधी हा खर्च करावा.

राहिलं निमित्त, म्हणजे करणारा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, आणि सापडला की त्याच्या म्हणण्याला किंमत द्यावी लागते. माजघराची चौकाकडची खिडकी वर्षानुवर्षं कपाटामागे बुजलेली होती, ती गवंड्यालाच गिलावा ठोकताना पोकळ आवाजावरून सापडली. ती उघडल्यावर सकाळी चौकातला उजेड आत येतो. सौ. तिथे खुर्ची टाकून बसतात.

मांडुक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती अशा अवस्था सांगितल्या आहेत. सुषुप्तीत माणूस स्वतःला राखू शकत नाही. त्या वेळी त्याला राखते ती खोली. म्हणून तिचा विचार दिवाणखान्याच्या आधी व्हावा, असं आमचं मत आहे.

ज्यांना काम काढायचं आहे त्यांनी एक करावं. आज रात्री दिवा न लावता, कुणाला तरी सोबत घेऊन, पलंगापासून मोरीपर्यंत सावकाश चालत जा. हात कुठे आधार शोधतो, पाय कुठे अडतो, बटण कुठे सापडत नाही, ते सकाळी कागदावर लिहा. तो कागद घेऊन मग अभियंत्याकडे जा. रंगाचं पुस्तक नंतर उघडा.