थंड चुलीची थाळी

जयपूरहून टोंकच्या दिशेने निघाले की सुमारे ४० किलोमीटरवर चाकसू हे गाव लागते. गावानजीकच्या ‘शील की डूंगरी’ या टेकडीवर शीतलामातेचे मंदिर आहे. होळीनंतरच्या अष्टमीस येथे मोठी यात्रा भरते. उत्तरेकडील पंचांगात ती चैत्र वद्य अष्टमी, तर आपल्याकडे फाल्गुन वद्य अष्टमी. त्या दिवशी परिसरातील घरांत चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधलेले अन्न देवीला दाखवून ते थंडच खाल्ले जाते. या सणास ‘बासोडा’ म्हणतात.

महाराष्ट्रास ही रीत परकी नाही. श्रावण शुद्ध सप्तमीस आपल्याकडे शीतला सप्तमी पाळतात, ती याच देवीची. ‘देवी’ हे तर मराठीत त्या रोगाचेच नाव. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याची घोषणा झाली. रोग गेला, थाळी मात्र राहिली. ‘नैसर्गिक आहार’ या शब्दांचा बाजारात एवढा गजर चालू असताना ती जरा निरखून पाहण्यासारखी आहे.

थाळीतील मुख्य पदार्थ म्हणजे राबडी. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आटीव दुधाची वाटी उभी राहील, परंतु ही राबडी निराळी. बाजरीचे वा मक्याचे पीठ ताकात कालवून काही तास आंबू द्यायचे आणि मग मंद आचेवर शिजवायचे. थोडक्यात, ही आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. कोल्हापुरात रेणुकेच्या आंबील यात्रेत आंबिलीचाच नैवेद्य असतो. देवी थंडाव्याची असो वा डोंगराची, तिला आवडते ते ताक आणि भरड धान्य!

या मिश्रणामागे शहाणपण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह असते, तर तेवढ्याच मैद्यात पावणेदोनच्या आसपास. तंतूंच्या बाबतीत तर बाजरी मैद्याच्या चौपट. मात्र बाजरीतील फायटिक आम्ल हे लोह शरीरास सहजी मिळू देत नाही. पीठ आंबवल्याने ते आम्ल घटते. म्हणजे खात्यात शिल्लक भरपूर, पण ती काढता येण्यासाठी रात्रभराची एक छोटीशी पूर्तता करावी लागते. अधिक लोहयुक्त बाजरीचे एक वाण २०१४ मध्ये देशभरासाठी प्रसृत झाले. त्याचे नाव ‘धनशक्ती’, हे बँकेच्या ग्राहकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे.

थाळीत तळलेल्या पुऱ्या आणि गुळाचे पुएही असतात, तेव्हा सारेच पथ्याचे आहे असा दावा नको. परंतु तळणात पाण्याचा अंश कमी राहतो म्हणून ते टिकते आणि राबडी आंबटपणामुळे टिकते. कोणता पदार्थ किती वेळ राहील व का, हे रांधणाऱ्या हाताला ठाऊक असते. शिळे अन्न सरसकट निर्धोक नव्हे. उन्हाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी घातक ठरू शकतो, कारण त्यातील काही जिवाणूंचे विष उष्णतेने नष्ट होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. पती-पत्नी दोघेही संध्याकाळी सात वाजता थकून घरी येतात, मुले भुकेलेली असतात आणि दोन मिनिटांत शिजणारे पाकीट फडताळात हाताशी असते. अशा वेळी त्यांना आहारशास्त्राचे व्याख्यान देणे हा निव्वळ अन्याय होय. पाकीट विकते ते मुख्यतः वेळ. बासोड्याच्या घरात तोच वेळ आदल्या दिवशी राखून ठेवलेला असतो. रात्री निजण्यापूर्वी दोन मूठ नाचणीचे वा ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेवायला खरोखरच पाच मिनिटे पुरतात. सकाळी ते शिजवून, निववून, जिरे-लसूण घातले की न्याहारी तयार. पाकीट घ्यायचेच झाले तर मागील बाजूची घटकांची यादी वाचावी. त्यात जो घटक सर्वाधिक, तो प्रथम छापलेला असतो. ‘बहुधान्य’ बिस्किटांच्या यादीत पहिला मैदा निघाला, तर दर्शनी चित्रातील कणसांवर भाळू नये.

बाजरीचे पीठ मात्र घाऊक भरून ठेवू नये. तिच्यातील स्निग्धांशामुळे दळलेले पीठ काही दिवसांतच कडवट होते. धान्य घरात ठेवावे आणि आठवड्यापुरतेच दळून आणावे.

चाकसूच्या परिसरात बासोड्यानंतर ऊन तापू लागते. त्या दिवसानंतर आदल्या दिवशीचे अन्न खायचे नाही, असा तिकडचा जुना दंडक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटते आणि ताजी भाकरी थापली जाते.