गटाच्या पेटीतला ‘क्ष’

मागच्या बैठकीत एकजण म्हणाली, “लेक सातवीत गेली. तिच्या गणितात आता आकड्यांबरोबर अक्षरं आलीत. विचारलं तर म्हणते, आई, तुला नाही कळायचं.” हे वाक्य आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलंय. म्हणून आज आपण बीजगणित समजून घेऊ. त्याला बचत गटाची पेटी पुरेल.

आपण दर महिन्याला प्रत्येकी १०० रुपये भरतो. या महिन्यात दंडाचे ५० रुपये आले. किती जणींनी पैसे भरले, ते अजून मोजलं नाही. त्या संख्येला ‘क्ष’ म्हणू. पुस्तकात तिथे इंग्रजी एक्स असतो. पेटीत जमले १००क्ष + ५०.

आता नावं पाहू. क्ष बदलतो; कधी १२, कधी १५. म्हणून तो ‘चल’. त्याला जोडून आलेला १०० हा ‘सहगुणक’. १००क्ष हे एक ‘पद’, ५० हे दुसरं. ५० सोबत अक्षर नाही, म्हणून ते ‘स्थिरपद’. सगळं मिळून झाली ‘बैजिक राशी’.

इथे मुलं एक चूक हमखास करतात. ५क्ष मध्ये क्ष ३ असेल, तर ५३ लिहितात. पण आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये गुणाकार लपलेला असतो. गुणाकाराची फुली एक्ससारखी दिसते, गोंधळ नको म्हणून ती लिहीत नाहीत. म्हणजे ५ गुणिले ३, उत्तर १५.

दुसरी गोष्ट. क्ष म्हणजे बाई नाही, बायांची संख्या. अक्षर नेहमी संख्येच्या जागी असतं. म्हणून ३क्ष आणि २क्ष मिळून ५क्ष होतात, ती ‘सजातीय पदं’. ३क्ष आणि २य यांची अशी बेरीज होत नाही, कारण दोन्ही संख्या वेगळ्या असू शकतात.

पेटी उघडली, १४५० रुपये निघाले. मग १००क्ष + ५० = १४५०. हे झालं ‘समीकरण’, म्हणजे दोन्ही पारडी सारखी असलेला तराजू. दोन्हीकडून ५० काढले, १००क्ष = १४००. दोन्हीकडे १०० ने भागलं, क्ष = १४. चौदा जणींनी पैसे भरले.

अक्षरांची ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात माहीत नसलेल्या संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत. लिहिताना नुसतं या, का, नी.

तेव्हा आज रात्री लेक वही घेऊन बसली की तिच्याजवळ बसा. उत्तर सांगायची गरज नाही. एवढंच विचारा, “यातला क्ष कशाची संख्या आहे गं?” ते तिला सांगता आलं, तर पुढचं गणित सोपं जाईल. आणि नाही आलं, तर दोघी मिळून गटाची पेटी मोजा.