सांकेतिक दुवे व निर्देशिका-वृक्षाचे परिक्रमण

संगणकाच्या संचयसाधनावरील फाइली निर्देशिकांमध्ये आणि त्या निर्देशिका पुन्हा वरिष्ठ निर्देशिकांमध्ये ठेवून जी श्रेणीबद्ध रचना तयार होते, तीस निर्देशिका-वृक्ष म्हणतात. मुळापासून आरंभ करून या वृक्षाच्या प्रत्येक शाखेस क्रमाने भेट देणे म्हणजे परिक्रमण होय. फाइलींचा शोध, त्यांच्या आकारमानाची बेरीज, प्रतिलिपी करणे, राखीव प्रत घेणे, परवाने बदलणे व संपूर्ण शाखा पुसून टाकणे ही सर्व कामे परिक्रमणावर आधारलेली असतात. ज्या नोंदीत प्रत्यक्ष माहिती नसून केवळ दुसऱ्या नोंदीचा मार्ग लिहिलेला असतो, तीस सांकेतिक दुवा किंवा व्यवहारात सिमलिंक म्हणतात. असे दुवे असले म्हणजे वृक्ष हा गणिती अर्थाने वृक्ष राहत नाही. तो आलेख बनतो व त्यात चक्रे संभवतात. त्यामुळे दुव्यांचा विचार न करता लिहिलेली आज्ञावली एकच फाइल अनेकदा मोजते, न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकते किंवा, सर्वांत गंभीर म्हणजे, भलत्याच ठिकाणच्या फाइली नष्ट करते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आर. सी. डेली व पी. जी. न्यूमन यांनी १९६५ साली मल्टिक्स प्रणालीसाठी जी फाइलरचना मांडली, तीत श्रेणीबद्ध निर्देशिकांबरोबरच दुसऱ्या नोंदीकडे निर्देश करणाऱ्या दुव्यांची कल्पना होती. युनिक्स प्रणालीत आरंभी केवळ दृढ दुवे होते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या ४.२ बीएसडी या १९८३ च्या आवृत्तीत सांकेतिक दुवे आले आणि तेथून ते इतर युनिक्स-सदृश प्रणालींत पसरले. विंडोज २००० मध्ये निर्देशिकांना जोडणारे ‘जंक्शन’ आणि पुढे व्हिस्टा या आवृत्तीत सांकेतिक दुवे उपलब्ध झाले.

दृढ व सांकेतिक दुवे : युनिक्स-सदृश प्रणालीत प्रत्येक फाइलीची माहिती आयनोड नावाच्या क्रमांकित कोष्टकात असते व निर्देशिकेत केवळ नाव आणि आयनोड क्रमांक यांची जोडी असते. दृढ दुवा म्हणजे त्याच आयनोडला दिलेले दुसरे नाव होय. असा दुवा एका फाइलप्रणालीच्या सीमेबाहेर जाऊ शकत नाही आणि चक्रे टाळण्यासाठी निर्देशिकांना तो सामान्यतः देता येत नाही. सांकेतिक दुव्यास मात्र स्वतःचा आयनोड असतो व त्याचा आशय म्हणजे लक्ष्याच्या मार्गाची अक्षरे. म्हणून तो कोठेही, निर्देशिकेकडेसुद्धा, निर्देश करू शकतो. लक्ष्य पुसले गेले तरी तो उरतो. अशा दुव्यास निराधार दुवा म्हणतात. लक्ष्याचा मार्ग सापेक्ष असेल, तर तो दुवा ज्या निर्देशिकेत आहे तेथून मोजला जातो, वापरणाऱ्याच्या चालू निर्देशिकेपासून नव्हे.

उदाहरण : यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव महसुली दृष्ट्या यवतमाळ जिल्ह्यात, परंतु लोकसभेच्या हिंगोली मतदारसंघात मोडते. दोन्ही वर्गीकरणांनुसार कागदपत्रे ठेवावयाची झाल्यास मूळ फाइली ‘/जिल्हे/यवतमाळ/उमरखेड/ढाणकी’ येथे ठेवून ‘/मतदारसंघ/हिंगोली’ या निर्देशिकेत ‘उमरखेड’ नावाचा सांकेतिक दुवा करता येईल. त्याचा सापेक्ष आशय ‘../../जिल्हे/यवतमाळ/उमरखेड’ असा होईल. आता ‘/मतदारसंघ’ या शाखेचे दुवे न अनुसरता परिक्रमण केले, तर ढाणकीच्या फाइली मुळीच आढळणार नाहीत; उलट संपूर्ण वृक्षाचे दुवे अनुसरून परिक्रमण केले, तर त्या दोनदा मोजल्या जातील. मूळ उमरखेड निर्देशिकेत ‘मतदारसंघ’ नावाचा दुवा करून तो ‘/मतदारसंघ/हिंगोली’कडे वळविला, तर चक्र पूर्ण होते आणि ‘उमरखेड/मतदारसंघ/उमरखेड/मतदारसंघ’ अशी वाट अमर्याद वाढू शकते. दोन्ही दुवे स्वतंत्रपणे पाहता निर्दोष आहेत. दोष त्यांच्या संयोगातून निर्माण होतो.

प्रणालीची मर्यादा : एक मार्ग उलगडताना किती दुवे अनुसरावयाचे यावर प्रणाली बंधन घालते. लिनक्समध्ये ही मर्यादा ४० आहे. ती ओलांडली म्हणजे दुव्यांचे वेटोळे झाल्याची त्रुटी कळविली जाते. वरील उदाहरणात प्रत्येक फेरीत दोन दुवे लागतात. म्हणून ‘/जिल्हे/यवतमाळ/उमरखेड’ येथून पूर्ण मार्ग वाढवीत जाणारी अजाण आज्ञावली २० फेऱ्यांनंतर थांबेल, पण तोवर ढाणकीची निर्देशिका २१ वेळा मोजली गेलेली असेल. ही मर्यादा प्रणालीच्या रक्षणासाठी आहे. परिक्रमणाच्या अचूकतेची ती हमी नव्हे. शिवाय आज्ञावली प्रत्येक निर्देशिकेत प्रत्यक्ष शिरून पुढचे एकच नाव उलगडत असेल, तर प्रत्येक वेळी मोजणी नव्याने सुरू होते व ही मर्यादा आडवी येतच नाही.

परिक्रमणाचे प्रकार : भौतिक परिक्रमणात दुवा ही एक स्वतंत्र नोंद मानून तिच्यापुढे जात नाहीत, तार्किक परिक्रमणात दुव्याच्या लक्ष्यात शिरतात. तिसऱ्या, मध्यम प्रकारात केवळ वापरणाऱ्याने आरंभस्थान म्हणून दिलेला दुवा अनुसरला जातो व पुढील सर्व दुवे तसेच ठेवले जातात. फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ या आज्ञेत हे तीन प्रकार अनुक्रमे पी, एल व एच या अक्षरी पर्यायांनी निवडता येतात व भौतिक प्रकार गृहीत असतो. पायथन भाषेतील ‘ओएस.वॉक’ हे फलनही दुव्याने दर्शविलेल्या निर्देशिकांत आपणहून शिरत नाही. तसे करण्यास सांगितले असता मात्र चक्रे ओळखण्याची जबाबदारी आज्ञावलीकाराची असते. जावा भाषेतील फाइल-वृक्षाचे परिक्रमण दुवे अनुसरताना चक्र आढळल्यास तशी त्रुटी कळविते.

नोंद दुवा आहे की नाही हे ठरविताना एक चूक नेहमी होते. ‘स्टॅट’ हे प्रणाली-आवाहन दुवा अनुसरून लक्ष्याची माहिती देते. त्यामुळे निर्देशिकेकडे जाणारा दुवा त्यास निर्देशिकाच भासतो. दुव्याची स्वतःची माहिती हवी असल्यास ‘एलस्टॅट’ वापरावे लागते. भौतिक परिक्रमणाची अचूकता मुख्यत्वे या निवडीवर अवलंबून असते.

चक्रांचे निदान : मार्गांच्या अक्षरांची तुलना करून चक्र ओळखता येत नाही, कारण एकाच निर्देशिकेस अनेक मार्ग असू शकतात. साधन-क्रमांक व आयनोड-क्रमांक यांची जोडी मात्र त्या वेळी प्रत्येक निर्देशिकेस अनन्य असते. म्हणून निर्देशिकेत शिरण्यापूर्वी तिची जोडी मुळापासून तेथपर्यंतच्या पूर्वज निर्देशिकांच्या जोड्यांशी ताडून पाहतात. जुळल्यास चक्र आहे असे समजून तेथूनच परततात. बीएसडी परंपरेतील ‘एफटीएस’ या फलनसंचात अशा निर्देशिकेस वेगळी खूण मिळते.

पूर्वजांच्या तपासणीने परिक्रमण संपण्याची हमी मिळते, पुनरावृत्ती टळण्याची नव्हे. समजा, एकाखाली एक २० पातळ्या आहेत व प्रत्येक पातळीवर पुढील पातळीकडे जाणारे दोन दुवे आहेत. येथे चक्र एकही नाही, तरीही शेवटच्या पातळीस पोहोचण्याचे २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ मार्ग होतात. अशा वेळी भेट दिलेल्या सर्व निर्देशिकांच्या जोड्या लक्षात ठेवून प्रत्येकीस एकदाच भेट द्यावी लागते. त्यासाठी स्मृती अधिक खर्च होते आणि कोणत्या मार्गाने प्रथम पोहोचलो यावर फाइलीचे नोंदलेले नाव अवलंबून राहते. बेरजेसाठी ही पद्धत योग्य. सर्व नावांची यादी हवी असल्यास पूर्वजांची तपासणी पुरेशी.

‘..’ या नावाचाही विचार आवश्यक असतो. ‘/मतदारसंघ/हिंगोली/उमरखेड’ या दुव्यातून आत शिरून ‘..’ने वर आल्यास हिंगोली नव्हे, तर ‘/जिल्हे/यवतमाळ’ ही निर्देशिका मिळते. म्हणून तार्किक परिक्रमणात परतीसाठी ‘..’वर न विसंबता मागील निर्देशिकेचा उघडा निर्देशक जपून ठेवतात.

प्रत्यक्ष वापरातील चक्रे : व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये वापरणाऱ्याच्या स्थानिक माहितीच्या निर्देशिकेत ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाचे जंक्शन असून ते आपल्या मातृनिर्देशिकेकडेच निर्देश करते. जुन्या आज्ञावल्या चालाव्यात म्हणून ठेवलेल्या या जंक्शनची यादी वाचण्यास मनाई असते. परंतु राखीव प्रत घेणारी एखादी आज्ञावली विशेषाधिकाराने ही मनाई ओलांडते, तेव्हा एकात एक त्याच निर्देशिका साठवीत जाते. लिनक्समधील ‘सिस’ या साधनदर्शक वृक्षातही वर्गाकडून साधनाकडे व साधनाकडून पुन्हा वर्गाकडे जाणारे दुवे असल्याने तेथे तार्किक परिक्रमण सहसा टाळतात.

कार्यानुरूप धोरण : शाखा पुसताना दुवा कधीही अनुसरू नये; केवळ दुव्याची नोंद काढावी. वरील उदाहरणात ‘/मतदारसंघ’ शाखा पुसणाऱ्या आज्ञावलीने दुवा अनुसरल्यास ढाणकीचे मूळ कागदपत्र नष्ट होतील. राखीव प्रतीत दुवा दुवा म्हणूनच साठविणे सामान्यतः योग्य असते. ‘टार’ ही आज्ञा तसेच करते. मात्र लक्ष्य निवडलेल्या शाखेबाहेर असेल, तर त्याचा आशय प्रतीत येत नाही व ही उणीव बहुधा प्रत परत उतरविण्याच्या वेळी, म्हणजे मूळ नष्ट झाल्यावरच, ध्यानात येते. निराधार दुवा आढळल्यास त्याची नोंद करून परिक्रमण पुढे चालू ठेवावे.

सुरक्षितता : नोंद निर्देशिका असल्याची खात्री करणे व तीत शिरणे या दोन क्रियांमधील क्षणात दुसऱ्या कोणी त्या जागी दुवा ठेवला, तर आधीची तपासणी निरर्थक ठरते. विशेषाधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीकडून अशा रीतीने परक्या फाइली पुसून घेता येतात. रस्ट भाषेच्या प्रमाण संग्रहातील शाखा पुसणाऱ्या फलनात हा दोष आढळला व जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. यावरील उपाय म्हणजे मार्गाऐवजी उघड्या निर्देशकाच्या आधारे काम करणे. पॉझिक्सच्या २००८ च्या प्रमाणकातील ‘ओपनॅट’, ‘एफस्टॅटॅट’ व ‘अनलिंकॅट’ ही आवाहने त्यासाठी असून, नाव दुव्याचे असल्यास उघडू नये अशी अट ‘ओपनॅट’ला घालता येते. त्यामुळे तपासणी व प्रवेश या दोन क्रिया एकच होतात. लिनक्सच्या ५.६ या २०२० मधील आवृत्तीपासून ‘ओपनॅट२’ या आवाहनाने मार्गातील सर्वच दुवे नाकारता येतात किंवा दिलेल्या शाखेबाहेर जाण्यास बंदी करता येते.

सारांश, दुवा अनुसरावा की नाही याचे एकच सार्वत्रिक उत्तर नाही. ते कार्याच्या हेतूवर अवलंबून असते. हेतू स्पष्ट नसेल तेव्हा भौतिक परिक्रमण स्वीकारणे हितावह असते, कारण त्यातील चूक बहुधा काही फाइली वगळल्या जाण्याची असते, तर तार्किक परिक्रमणातील चूक नको त्या फाइलींना हात लागण्याची असते.