आगीच्या धोक्याची पाहणी : पात्रता कशाला म्हणावे?

भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात शिशूंच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी १० दगावली. राज्यातील रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण करण्याचे आदेश शासनाने त्यानंतर दिले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. परीक्षणाचा आदेश निघणे आणि धोका दूर होणे यांत अंतर असते, आणि ते किती राहील हे बऱ्याच अंशी परीक्षण करणाऱ्याच्या पात्रतेवर ठरते.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्यान्वये उपाययोजनांची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा यांच्याकडून अनुज्ञप्ती मिळालेल्या अभिकरणाचे प्रमाणपत्र त्याने सादर करावयाचे असते. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. प्रत्यक्ष पूर्तता झालेली नसताना प्रमाणपत्र देण्यास कायद्याने मनाई आहे. मात्र अनुज्ञप्ती हा केवळ प्रवेशाचा दाखला होय. समोरची विशिष्ट इमारत समजण्याची क्षमता त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

अग्निशामक नळकांड्या मोजणे हे काम कोणताही लिपिक करू शकेल. पात्र परीक्षक त्यापलीकडे पाहतो. रुग्णालयाचेच उदाहरण घ्यावे. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. गळतीमुळे ते थोडेसे वाढले, तरी एरवी सावकाश जळणारे कापड झपाट्याने पेटते. म्हणून कक्षातील वायुवीजन, प्राणवायूच्या नळ्यांचे सांधे आणि शेजारची विद्युत उपकरणे यांचा विचार एकत्रच करावा लागतो. रात्रंदिवस चालणारे वातानुकूलन यंत्र व बालकांना ऊब देणारी उपकरणे यांचा एकूण भार जुनी वायरिंग पेलते काय, हे विद्युत अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते. आणि हा प्रश्न आपल्या ज्ञानाबाहेरचा आहे हे ओळखणे हाही पात्रतेचाच भाग आहे. शिवाय रुग्ण स्वतः चालू शकत नाहीत. रात्रपाळीला दोन परिचारिका असतील, तर त्या किती बालके, कोणत्या दाराने, किती वेळात हलवू शकतील? याचे उत्तर दिवसा, कर्मचारी भरपूर असताना केलेल्या पाहणीत सापडत नाही.

असे ज्ञान प्रशिक्षण व अनुभव यांच्या जोडीने येते. या विषयाचे शिक्षण देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपूर येथे, म्हणजे आपल्याच राज्यात आहे. परंतु गोदामांच्या तपासणीचा दीर्घ अनुभव असलेली व्यक्ती रुग्णालयासाठी योग्य ठरेलच असे नाही. उपकरणे विकणाऱ्यानेच धोक्याचे मूल्यमापन करावे, ही पद्धतही इष्ट नव्हे. त्याच्या अहवालात उपकरणांची यादी वाढते आणि कुलूप लावलेल्या जिन्याचा उल्लेख राहून जातो.

दोन खोल्यांच्या ग्रामपंचायत कार्यालयाची प्राथमिक पाहणी ग्रामसेवक स्वतः करू शकेल. बाहेरची वाट मोकळी आहे काय, वायर उघडी आहे काय, हे पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही. शाळेचे स्वयंपाकघर, वसतिगृह किंवा आरोग्य केंद्र यांच्या बाबतीत मात्र काम सोपविण्यापूर्वी परीक्षकाकडे अनुज्ञप्तीची मुदत, त्याचे प्रशिक्षण आणि तशाच प्रकारच्या इमारतींचे पूर्वीचे अहवाल यांची मागणी करावी. पाहणीच्या वेळी मुख्याध्यापकाने अथवा कार्यालयप्रमुखाने सोबत फिरावे, पंप चालू करून सर्वांत वरच्या नळाला पाणी येते काय ते समक्ष पाहावे. अहवालातील प्रत्येक त्रुटीपुढे ती कोणी व कोणत्या तारखेपर्यंत दूर करावयाची हे नमूद नसल्यास तो स्वीकारण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावा.