अंगावर धारण करावयाचा घाम-संवेदक : प्रारूपाची रचना व मर्यादा

प्रस्तावना :
१९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी ग्लुकोज मोजणाऱ्या विकर-विद्युतअग्राची कल्पना मांडली. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील अली जावे यांच्या गटाने घामातील ग्लुकोज, लॅक्टेट, सोडिअम व पोटॅशिअम एकाच वेळी मोजणारा पट्टा सादर केला. प्रस्तुत लेखात केवळ सोडिअम मोजणाऱ्या प्रारूपाचा विचार केला आहे.

१. तत्त्व :
सोडिअम-निवडक पटल असलेले एक विद्युतअग्र व सिल्व्हर क्लोराइडचे संदर्भ-विद्युतअग्र यांच्यातील विभवांतर सोडिअमच्या संहतीच्या लॉगरिथमवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला संहती दहापट झाली असता विभवांतर सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते. ३७ अंशांना हाच आकडा ६१.५ होतो. म्हणून तापमानाचे मापन अपरिहार्य ठरते.

२. विद्युत परिपथ :
पटलाचा रोध अत्यंत उच्च असल्याने साधा व्होल्टमीटर जोडल्यास मोजायचे विभवांतरच ढळते. याकरिता अत्युच्च आदान-रोध असलेला प्रवर्धक आवश्यक असतो. ३.३ व्होल्टच्या पल्ल्यावर १०-बिट परिवर्तकाची एक पायरी ३.२ मिलिव्होल्टची असते; म्हणजेच संहतीत सुमारे १३ टक्क्यांचा फरक. १६-बिट परिवर्तकाने हा फरक नगण्य होतो.

३. फर्मवेअर :
हालचालीमुळे येणारा गोंगाट सरासरीने कमी करणे, तापमानानुसार दुरुस्ती करणे आणि ज्ञात संहतीच्या दोन द्रावणांनी अंशांकन करणे, ही फर्मवेअरची नित्याची कामे होत. परंतु त्याचे खरे उत्तरदायित्व निराळेच आहे. त्वचा कोरडी असतानाही परिवर्तक कोणता तरी आकडा देतच असतो. म्हणून घामाची वाहकता स्वतंत्रपणे तपासून, घाम पुरेसा नसल्यास आकडा न दर्शविणे हेच इष्ट होय.

४. मर्यादा :
संवेदकाचे विभवांतर काळानुसार सरकते. केवळ ५ मिलिव्होल्टच्या सरकण्याने संहतीत सुमारे २१ टक्के चूक होते. परिवर्तक कितीही सूक्ष्म असला तरी ती टळत नाही. शिवाय घाम येण्याचा वेग वाढला की त्यातील सोडिअमही सामान्यतः वाढते. त्यामुळे घामाचे प्रमाण मोजल्याविना शरीराने एकूण किती क्षार गमावले, हे सांगता येत नाही. उन्हात राबणाऱ्या श्रमिकाने अशा अपुऱ्या आकड्यावर विसंबून पाणी वा मीठ घेणे अपायकारक ठरू शकते.

निष्कर्ष :
असे प्रारूप रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र या विभागांना एकत्र आणणारा उत्तम विद्यार्थी-प्रकल्प होऊ शकते. मात्र त्याचे मूल्यमापन दर्शविलेल्या आकड्याच्या दशांश स्थळांवरून न करता, त्या आकड्याची विश्वसनीयता विद्यार्थी कितपत सिद्ध करू शकतो, यावरून व्हावे.